उघड्या फाइलींचा वारसा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे सर ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायचे. तोंडी परीक्षेत त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे : एका प्रोग्रॅमने दुसरा प्रोग्रॅम सुरू केला, तर दुसऱ्याच्या हाती काय काय जातं? पाठांतरवाली मुलं एन्व्हायर्नमेंट, चालू डिरेक्टरी, युजर आयडी अशी यादी घडाघडा म्हणून दाखवत. सर विचारत, "आणि उघड्या फाइली?" मुलं म्हणत, "त्याही जातात, सर." मग सरांचा पुढचा प्रश्न यायचा, "कुणी दिल्या?" इथे भले भले गप्प बसत.

आजचं व्याख्यान या "कुणी दिल्या"वर आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. उघडलेली फाइल पुढच्या प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, जावी की नाही, हे उघडणाऱ्याने उघडतानाच ठरवायला हवं, आणि त्याने काहीच ठरवलं नाही तर ती जाता कामा नये. आज हे कुणालाही पटेल. पण युनिक्सच्या जगात नियम नेमका उलटा होता, कर्नलच्या पातळीवर अजूनही आहे, आणि तो उलटा का होता हे समजून घेतल्याशिवाय त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

समोर संगणकाशी फारसा संबंध नसलेली मंडळीही दिसत आहेत, म्हणून थोडं मुळापासून. प्रोग्रॅमला फाइल वाचायची असली की तो कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, मागणी करतो. कर्नल नाव बघतो, परवानगी तपासतो आणि प्रोग्रॅमच्या हातावर एक छोटा आकडा ठेवतो : ३, ४, ५ असा. पुढचं सगळं वाचणं-लिहिणं त्या आकड्यावर चालतं. युनिक्सवाले त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात, विंडोजवाले हँडल. फाइल म्हणजे फक्त डिस्कवरची फाइल असं मात्र नाही. नेटवर्कचं सॉकेट, दोन प्रोसेसना जोडणारा पाइप, टर्मिनल, सगळ्यांना असाच आकडा मिळतो. ०, १ आणि २ हे आकडे ठरलेले : इनपुट, आउटपुट आणि एरर. यातल्या दोन बारीक नियमांकडे लक्ष द्या, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यांच्यातूनच निघतो. पहिला नियम असा की, परवानगीची तपासणी उघडताना होते, नंतर होत नाही. आकडा ज्याच्या हाती त्याचा अधिकार. त्याने स्वतः ती फाइल मागितली असती तर कर्नलने हाकलून दिलं असतं, याला नंतर काही किंमत उरत नाही. आणि दुसरा, नवीन आकडा देताना युनिक्सचा कर्नल नेहमी मोकळा असलेला सर्वांत लहान आकडा देतो.

आता १९६९-७० च्या सुमारास जाऊ. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्स घडवत होते. सुरुवातीच्या त्या युनिक्समध्ये प्रत्येक टर्मिनलमागे एकच प्रोसेस असे. तुम्ही कमांड दिली की शेल, म्हणजे कमांडी वाचून चालवणारा प्रोग्रॅम, आपल्या उघड्या फाइली बंद करायचा, टर्मिनल नव्याने उघडायचा आणि स्वतःच्या जागेवर त्या कमांडचा प्रोग्रॅम आणून बसवायचा. कमांड संपली की शेल पुन्हा डिस्कवरून उचलला जायचा. वारशाचा प्रश्नच नव्हता, कारण मूल, म्हणजे एका प्रोसेसने सुरू केलेली दुसरी प्रोसेस, असं काही नव्हतंच. एकच देह, आत्मा बदलत राहायचा.

मग फोर्क आला. चालू प्रोसेसची हुबेहूब नक्कल करायची, आणि नकलेने हवं तर पुढे दुसरा प्रोग्रॅम अंगात घ्यायचा. या दुसऱ्या पायरीला एक्झेक म्हणतात. कल्पना थॉम्पसनच्या आधीची. बर्कलीच्या सिस्टिममध्ये ती होती आणि मेल्विन कॉनवे यांनी १९६३ मध्येच ती मांडली होती. रिची यांनी १९७९ च्या एका लेखात या काळाचा इतिहास लिहिला आहे. ते म्हणतात की पीडीपी-७ वरच्या फोर्कला असेंब्लीच्या मोजून २७ ओळी लागल्या. नवीन प्रोसेस बनवायची तर तिला काय काय द्यायचं याची चर्चा, यादी, रचना यांतलं काहीच करावं लागलं नाही, कारण सगळंच द्यायचं होतं. नक्कल करणं हे निवड करण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतं. २७ ओळींत ती स्वस्ताई दिसते.

पण त्या स्वस्ताईचं बिल लगेच आलं. रिची यांच्या लेखातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. पहिली अशी की फोर्क आल्याच्या आनंदात मंडळी असतानाच डिरेक्टरी बदलायची कमांड चालेनाशी झाली. कोड वाचून वाचून लोक थकले, काही सापडेना. शेवटी उलगडा झाला : कमांड अगदी बरोबर चालत होती. ती आपल्या स्वतःच्या प्रोसेसची डिरेक्टरी बदलत होती आणि क्षणात मरत होती. मागे उभ्या असलेल्या शेलला त्याचा पत्ताही नव्हता. वारसा वरून खाली जातो, खालून वर येत नाही. म्हणून आजही सीडी ही वेगळा प्रोग्रॅम नसून शेलच्या पोटातली कमांड आहे.

दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्यातली. फाइलीत आपण कुठवर लिहून झालं आहे याची खूण तेव्हा प्रत्येक प्रोसेसच्या आत ठेवलेली असे. समजा एका कमांड-फाइलमध्ये दोन ओळी आहेत, एल-एस (फाइलींची यादी) आणि हू (कोण लॉगिन आहे), आणि त्या दोन्हींचं आउटपुट एका फाइलीत जायचं आहे. शेलने पहिलं मूल जन्माला घातलं, त्याने फाइलीत यादी लिहिली आणि ते संपलं. शेलने दुसरं मूल जन्माला घातलं. त्याला खूण मिळाली ती शेलची, आणि शेलने स्वतः एक अक्षरही लिहिलेलं नसल्याने ती खूण अजून शून्यावरच होती. दुसऱ्याने पहिल्याच्या डोक्यावर लिहिलं, यादी गायब. यावर उपाय म्हणून खूण प्रोसेसच्या बाहेर काढून सगळ्या यंत्राच्या एका सामाईक टेबलात ठेवण्यात आली. त्या दिवसापासून आई आणि मूल एकाच उघड्या फाइलीचे भागीदार झाले. मुलाने पुढे लिहिलं की आईची खूणही पुढे सरकते, कारण खूण एकच आहे.

हे मुद्दाम सविस्तर सांगितलं, कारण आजकाल "युनिक्सने सगळं वारशाने देऊन चूक केली" असं म्हणण्याची फॅशन आहे. २०१९ मध्ये चार नामवंत सिस्टिम-संशोधकांनी फोर्क आता निवृत्त करा आणि मुलांना तो आदर्श म्हणून शिकवणं थांबवा असा निबंधच लिहिला. त्यांचे बरेच मुद्दे मला मान्य आहेत. पण ही भागीदारी निष्काळजीपणातून आलेली नाही, ती ठरवून विकत घेतलेली आहे, आणि तिच्या बदल्यात मिळालेली गोष्ट विलक्षण होती. फोर्क झाल्यावर आणि एक्झेक होण्याआधी एक छोटी फट असते. त्या फटीत शेल १ हा आकडा बंद करतो, एक फाइल उघडतो. सर्वांत लहान मोकळा आकडा १ असल्याने तोच मिळतो. मग प्रोग्रॅम सुरू होतो. त्या प्रोग्रॅमला आपण पडद्यावर लिहितो आहोत की फाइलीत की पाइपमधून शेजारच्या प्रोग्रॅमला, हे ठाऊक नसतं आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने आलेला पाइप हा या वारशावरच उभा आहे. वारसा काढून घ्या, शेलची अर्धी जादू जाईल.

मग बिघडलं काय? माणसं वाढली. सुरुवातीच्या शेलकडे दोन-तीन फाइली उघड्या असत, आणि मूल जन्माला घालणारा कोड लिहिणारा माणूस त्या सगळ्यांना नावानिशी ओळखत असे. आज एखाद्या वेब सर्व्हरकडे हजारो आकडे असतात. त्यांतले काही तुम्ही उघडलेले, बरेचसे लायब्रऱ्यांनी उघडलेले : डेटाबेसचं सॉकेट, लॉग, सर्टिफिकेटची खासगी किल्ली. आणि मूल जन्माला घालणारी तिसरीच लायब्ररी, जी फोटो लहान करण्यासाठी बाहेरचा प्रोग्रॅम चालवते. उघडणारा वेगळा, जन्म देणारा वेगळा, दोघांची ओळख नाही. सर "कुणी दिल्या" विचारत त्याचं खरं उत्तर हेच : कुणीही नाही. त्या गेल्या.

यातला सर्वांत चिवट प्रकार पाइपचा. तो एकदा आकड्यांनिशी बघू. आई-प्रोसेसला दोन मुलं चालवायची आहेत आणि दोघांना पाइपमधून माहिती पुरवायची आहे. पहिला पाइप बनवला : ३ हे वाचायचं टोक, ४ हे लिहायचं. पहिलं मूल जन्मलं, समजा ते सॉर्ट आहे. त्याने ३ आपल्या इनपुटला जोडला आणि स्वतःकडचे ३ आणि ४ बंद केले, अगदी पाठ्यपुस्तकाप्रमाणे. आईनेही आपला ३ बंद केला. आता दुसरा पाइप : सर्वांत लहान मोकळे आकडे ३ आणि ५, तेच मिळाले. दुसरं मूल जन्मलं. त्याने शिकवल्याप्रमाणे ३ आणि ५ मिटवले. पण त्याच्याकडे ४ सुद्धा आला आहे, म्हणजे पहिल्या भावाच्या पाइपचं लिहायचं टोक, आणि त्याबद्दल त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. आई सॉर्टला सगळा मजकूर देते, आपला ४ बंद करते आणि सॉर्ट संपायची वाट बघत बसते. सॉर्टला शेवटची ओळ कळल्याशिवाय पहिली ओळ छापता येत नाही. तो इनपुट संपल्याची खूण मिळण्याची वाट बघतो. ती खूण कर्नल तेव्हाच देतो, जेव्हा पाइपचं लिहायचं टोक धरून बसलेला शेवटचा माणूस ते सोडतो. तो शेवटचा माणूस म्हणजे धाकटा भाऊ. आणि धाकटा भाऊ आईने त्याचा पाइप बंद करायची वाट बघतो आहे, जो आई सॉर्ट संपल्यावर बंद करणार आहे. तिघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. सीपीयू शून्य टक्के, एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्या गावाकडे सामाईक सातबारा आहे त्यांना हे नवीन नाही. वारसनोंदीने सगळ्यांची नावं उताऱ्यावर चढतात, आणि सुरतेला असलेला एक चुलतभाऊ, ज्याला त्या तुकड्यात काडीचा रस नाही, सही करत नाही तोवर व्यवहार अडून राहतो. त्याने वाईट काही केलेलं नसतं. त्याचं नाव तिथे आहे एवढंच.

दुसरा एक प्रकार मी जवळून पाहिलेला आहे. एका कंपनीत, नाव नको, रात्री सर्व्हर बंद करून नवी आवृत्ती चढवायची होती. जुना सर्व्हर बंद झाला. नवा उठायला तयार नाही. पोर्ट आधीच वापरात आहे म्हणतो. जुना तर मेलेला, मग पोर्ट कुणाकडे? कोणती फाइल कुणाकडे उघडी आहे हे दाखवणारी एल-एस-ओ-एफ ही कमांड चालवून बघितलं तर ८०८० पोर्टवर कान लावून बसला होता बॅकअपचा प्रोग्रॅम! संध्याकाळी कुणीतरी सर्व्हरच्याच ॲडमिन पानावरून बॅकअपचं बटण दाबलं होतं, सर्व्हरने ते मूल जन्माला घातलं आणि पोर्टचं सॉकेट त्याच्या गाठोड्यात बांधून दिलं. बॅकअपला नेटवर्कचं काही देणंघेणं नव्हतं. यातला वाईट भाग पुढे होता. पोर्ट मोकळं असतं तर येणाऱ्या ग्राहकाला ताबडतोब नकार तरी मिळाला असता. इथे कर्नल येणारं प्रत्येक कनेक्शन आनंदाने स्वीकारून रांगेत उभं करत होता, कारण ऐकणारं कुणीतरी आहे असं कागदोपत्री दिसत होतं. ग्राहकांच्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं.

डिस्क भरल्याची तक्रार हीही याच कुळातली. लॉगची जुनी फाइल पुसली, सर्व्हरने नवी उघडली, तरी डिस्कवर जागा मिळत नाही, कारण पुसलेल्या फाइलीचा आकडा कुठल्यातरी विसरलेल्या मुलाकडे उघडा आहे. लिनक्सवर डिस्कची विभागणी सांभाळणाऱ्या एल-व्ही-एमच्या कमांडी चालवणाऱ्यांनी एक तक्रार हमखास वाचली असेल : अमुक क्रमांकाचा फाइल डिस्क्रिप्टर गळून आमच्याकडे आला आहे, आणि आई-प्रोसेसचा नंबर अमुक. बहुतेक प्रोग्रॅम असलं घोंगडं मुकाट्याने अंगावर घेतात. एल-व्ही-एम चारचौघांत सांगतो की हे आमचं नाही, हे यांनी टाकलं. मला ही सवय आवडते. लोकांनी मात्र ही ओळ दिसू नये म्हणून एन्व्हायर्नमेंटमधला स्विच शोधून काढला, गळती तशीच ठेवली.

उपाय जुनाच आहे. प्रत्येक आकड्याला एक खूण लावता येते : एक्झेक होताना हा बंद कर. क्लोज-ऑन-एक्झेक. मग अडलं कुठे? अडलं थ्रेडपाशी, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपाशी. फाइल उघडणं ही कर्नलकडची एक मागणी, म्हणजे एक सिस्टिम कॉल, खूण लावणं ही दुसरी. या दोहोंच्या मधे काही मायक्रोसेकंदांची फट. एकाच थ्रेडच्या प्रोग्रॅममध्ये त्या फटीत काहीही घडू शकत नाही. पण शेजारच्या थ्रेडने नेमक्या त्याच क्षणी फोर्क केला तर? आकडा खुणेविना मुलाकडे गेला. असं लाखात एकदा घडेल, तुमच्या टेबलावर कधीच घडणार नाही, आणि दिवाळीच्या सेलच्या रात्री हमखास घडेल. लायब्ररी लिहिणारा याबाबतीत हतबल होता. तो कितीही शिस्तीचा असला तरी फोर्क करणारा थ्रेड त्याच्या ताब्यात नसे. म्हणून लिनक्सने २००७ च्या ऑक्टोबरमध्ये, २.६.२३ या कर्नलमध्ये, उघडतानाच खूण लावायची सोय दिली : ओ-क्लोएक्झेक. आणि मग वर्षभराने लक्षात आलं तसं सॉकेट, पाइप, डुप, एपोल, ॲक्सेप्ट या प्रत्येक कॉलची नवी आवृत्ती काढावी लागली, कारण आकडा देणाऱ्या प्रत्येक दारावर तीच फट होती. युनिक्सचं सामाईक मानक असलेल्या पॉझिक्सने उघडण्याची खूण २००८ मध्ये स्वीकारली; पाइप आणि ॲक्सेप्टच्या नव्या आवृत्त्या त्या मानकात यायला २०२४ उजाडलं.

दुसरा मार्ग झाडूचा. मुलाने एक्झेकच्या आधी ३ पासून शेवटपर्यंत सगळे आकडे बंद करून टाकायचे, उघडे असोत की नसोत. आकड्यांची मर्यादा १०२४ होती तोवर हे चालून गेलं. कंटेनरच्या, म्हणजे प्रोग्रॅम भिंतींच्या आत बंदिस्त करून चालवण्याच्या, काळात काही ठिकाणी ही मर्यादा एक अब्जाच्या वर ठेवलेली सापडली, आणि साधी कमांड सुरू व्हायला मिनिटं लागू लागली, कारण बिचारं मूल नसलेल्या दारांना कुलपं लावत अब्जापर्यंत चाललं होतं. २०२० मध्ये लिनक्सच्या ५.९ कर्नलने "अमुकपासून तमुकपर्यंत बंद कर" अशी एकच कॉल दिली, तेव्हा हे थांबण्याची सोय झाली.

विंडोजकडे वळू. तिथे हँडल मुळात वारशाने जात नाही, ही गोष्ट मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी सुरुवातीपासून बरोबर केली. हवं असेल तर हँडल बनवताना तसं सांगायचं. पण मूल जन्माला घालताना जो होकार-नकार द्यायचा, तो एकगठ्ठा : वारसा द्यायचा तर जितकी हँडलं वारसायोग्य आहेत तितकी सगळी, नाहीतर एकही नाही. समजा दोन थ्रेड एकाच वेळी दोन मुलं सुरू करत आहेत आणि प्रत्येकाने आपापल्या मुलासाठी एक-एक पाइप वारसायोग्य केला आहे. दोन्ही मुलांना दोन्ही पाइप मिळतात, आणि आपण सॉर्टच्या गोष्टीत परत येतो. फाइल पुसायला गेलात की "दुसरी प्रोसेस ही फाइल वापरत आहे" असा जो संदेश येतो, त्यामागेही पुष्कळदा असंच एखादं चुकून गेलेलं हँडल असतं. व्हिस्टाबरोबर हँडलांची यादी देण्याची सोय आली : या मुलाला फक्त ही, ही आणि ही. सोय चांगली, पण अर्धी. यादीतली हँडलं आधी वारसायोग्य करावीच लागतात. त्यामुळे त्याच प्रोग्रॅममधला दुसरा कुणी जुन्या पद्धतीने, यादी न देता मूल सुरू करत असेल, तर त्याच्या मुलाकडे ती जातातच. शिस्त एकट्याने पाळून भागत नाही.

कर्नल आपला नियम बदलू शकत नाहीत. पन्नास वर्षांचे प्रोग्रॅम त्यावर उभे आहेत. बदल आला तो भाषांच्या थरातून. पर्लने हे फार पूर्वी ओळखलं होतं : २ च्या वरचे आकडे आपोआप बंद होतील, असा तिचा शिरस्ता. रुबीने २०१३ मध्ये २.० आवृत्तीत तेच केलं. गो भाषेने सुरुवातीपासून फाइली खुणेनिशी उघडल्या, आणि जिथे खूण नंतर लावावी लागते तिथे फोर्कसाठी एक कुलूप ठेवलं, म्हणजे ती फटच कुणाला सापडू नये. पण मला खरं कौतुक वाटतं ते पायथनचं, कारण पायथनकडे जुन्या वापरकर्त्यांचं ओझं होतं. व्हिक्टर स्टिनर यांनी आधी एक प्रस्ताव मांडला होता ज्यात वारसा द्यायचा की नाही हे प्रत्येकाने आपापलं ठरवावं, असा सगळ्यांना खूश ठेवणारा मार्ग होता. तो बाजूला पडला. नंतरच्या, ४४६ क्रमांकाच्या प्रस्तावात त्यांनी सरळ सांगितलं : पायथनने बनवलेला कुठलाही नवा आकडा वारशाने जाणार नाही, ज्याला द्यायचा आहे त्याने तसं लिहावं. जुने काही प्रोग्रॅम यामुळे मोडतील हे प्रस्तावातच मान्य केलं होतं. मार्च २०१४ मध्ये पायथन ३.४ बरोबर हा नियम लागू झाला. मोडलेले प्रोग्रॅम मोडले तेव्हा आवाज करून मोडले, आकडा चालत नाही म्हणून तक्रार करत मोडले. आधीचे प्रोग्रॅम मुकाट्याने गळत होते. माझ्या मते याच कारणासाठी सोयीचा नियम सोडून सुरक्षित नियम धरावा.

सुरक्षेचा विषय निघाला म्हणून जानेवारी २०२४ मधली घटना सांगते. आज जगातले बहुतेक कंटेनर रन-सी नावाचा एक छोटा प्रोग्रॅम सुरू करतो. त्याचं काम म्हणजे यजमान यंत्रावर उभं राहून, आतल्या प्रोसेसभोवती भिंती घालून, तिला सोडून देणं. भिंती घालायच्या कामासाठी तो स्वतःची एक मधली प्रोसेस जन्माला घालतो. १.१.११ आणि त्याआधीच्या काही आवृत्त्यांत या मधल्या प्रोसेसकडे यजमानाचे काही आकडे चुकून जात होते, त्यांतला एक यजमानाच्या सीग्रुप डिरेक्टरीचा. आता कंटेनरच्या सेटिंगमध्ये "चालू डिरेक्टरी कोणती" हे लिहिता येतं. हल्लेखोराने तिथे साध्या पत्त्याऐवजी "माझ्या स्वतःच्या ७ क्रमांकाच्या उघड्या फाइलीत" असं लिहिलं की झालं. प्रोसेस सुरू होते ती कंटेनरच्या भिंतींच्या आत, पण तिचा पाय यजमानाच्या डिरेक्टरीत असतो. तिथून वर, वर, वर चढत गेलं की यजमानाचा मूळ डिस्कवृक्ष समोर. परवानगी उघडताना तपासली जाते, नंतर नाही, हा नियम आठवा. भिंती उत्तम होत्या. दार भिंत बांधायच्या आधीच उघडलेलं होतं. १.१.१२ मध्ये दुरुस्ती आली : आकडे वेळेत बंद करणं, आणि शिवाय आपण खरंच कंटेनरच्या आत आहोत ना, हे पाय टाकल्यावर तपासणं.

याच्या उलटा प्रकारही आहे, आणि तो विद्यार्थ्यांना सहसा शिकवला जात नाही. वारशाने पोकळीही मिळते. कुणी २ हा आकडा मुद्दाम बंद करून, जादा अधिकार असलेला एखादा प्रोग्रॅम सुरू केला, तर तो प्रोग्रॅम उघडेल त्या फाइलीला सर्वांत लहान मोकळा आकडा म्हणून २ मिळू शकतो. समजा ती पासवर्डची फाइल असली. पुढे प्रोग्रॅमला काही चुकलं असं वाटलं, त्याने सवयीने २ वर एररचा मजकूर लिहिला, आणि तो मजकूर पासवर्डच्या फाइलीत उमटला. मजकुरात काय यावं हे हल्लेखोर थोडंफार ठरवू शकतो. म्हणून आता असे प्रोग्रॅम सुरू होताना ०, १, २ रिकामे नाहीत ना, हे सिस्टिम आधी बघते.

इतकं ऐकल्यावर वारसा सरसकट बंद करावा असं कुणाला वाटेल. ते मला नको आहे. जाणूनबुजून दिलेला आकडा ही फार उपयोगी चीज आहे. बर्कलीच्या आयनेटडीपासून ही परंपरा चालत आली : पोर्टवर एकाने बसायचं, ग्राहक आला की खऱ्या प्रोग्रॅमला जन्म देऊन कनेक्शन ०, १, २ म्हणून त्याच्या हाती द्यायचं. प्रोग्रॅमला नेटवर्कचा एक शब्द लिहावा लागत नाही. मेक या जुन्या बांधकाम-साधनाचा नवा अवतार समांतर कामं किती चालवायची हे ठरवायला एक पाइप वारशाने देतो, त्यात टोकन टाकलेली असतात; प्रत्येक मुलाने काम घेताना एक उचलायचं, झाल्यावर परत टाकायचं. पण मधे कुणी ते आकडे बंद केले की घोळ व्हायचा, म्हणून २०२२ च्या ४.४ आवृत्तीपासून शक्य तिथे मेक नाव असलेला पाइप वापरतो : आकडा हाती देण्याऐवजी पत्ता सांगायचा, हवा त्याने येऊन उघडावा.

आणि सिस्टिमडी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम. तिथे सर्व्हिसला तयार सॉकेटं मिळतात, ३ या आकड्यापासून पुढे. किती मिळाली हे एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये लिहिलेलं असतं. पण बरोबर दुसरंही व्हेरिएबल येतं, ज्यात कोणत्या नंबरच्या प्रोसेसला ही सॉकेटं दिली ते लिहिलेलं असतं. ते कशाला? एन्व्हायर्नमेंट हाही वारशाने पुढे जातो, आणि सर्व्हिसने पुढे एखादा प्रोग्रॅम चालवला तर त्या नातवालाही "तुला सॉकेटं मिळाली आहेत" हा निरोप पोहोचेल, जो त्याच्यासाठी नाहीच. म्हणून प्रत्येकाने आधी स्वतःचा नंबर आणि त्यातला नंबर जुळतो का ते बघायचं. जुळला तरच हात लावायचा. हे तपासणारं सिस्टिमडीचं जे फंक्शन आहे, ते आकडे ताब्यात घेताच आणखी एक गोष्ट न विचारता करतं : त्या सगळ्यांवर क्लोज-ऑन-एक्झेकची खूण लावतं. तुला दिलं ते तुझ्यापाशी. पुढे कुणाला द्यायचं असेल तर नव्याने आणि नाव घेऊन दे.

विद्यार्थ्यांना एक काम देऊन थांबते. आपला सर्वांत मोठा प्रोग्रॅम सुरू करा, त्यातून स्लीप नावाची साधी कमांड मूल म्हणून चालवा, आणि ती झोपलेली असताना लिनक्सच्या प्रॉक डिरेक्टरीत तिच्या नंबराखाली एफ-डी बघा. स्लीपला लागतात त्या ०, १, २ च्या पुढे जी प्रत्येक ओळ दिसेल, ती कुणी उघडली ते शोधून काढा. पायथनमध्ये करणार असाल तर मूल चालवताना क्लोज-एफडीज हा पर्याय बंद करून एकदा आणि चालू ठेवून एकदा, असं दोनदा करा. सी लायब्ररी वापरणारी मॉड्यूलं असतील तर दोन याद्यांत फरक पडू शकतो.